स्ट्रॉबेरीची खरी फळे कोणती?

स्ट्रॉबेरीच्या अंगावर बारीक पिवळसर दाणे असतात. आपण त्यांना बिया म्हणतो. पण तीच तिची खरी फळे होत! प्रत्येक दाण्यात एकेक बी असते. आपण आवडीने खातो तो तांबडा, रसाळ भाग म्हणजे फुलाचे फुगलेले पुष्पासन. म्हणून वनस्पतिशास्त्रात स्ट्रॉबेरीला 'आभासी फळ' म्हणतात. काजूचे बोंडही असेच आभासी फळ आहे.

हे पुष्पासन कशामुळे फुगते? घरच्या कुंडीत याचा प्रयोग करता येईल.

महाबळेश्वर-पाचगणी भागात पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, स्ट्रॉबेरीची लागवड होते. दिवस लहान व रात्री थंड झाल्या, की रोपांना कळ्या येऊ लागतात. तुम्हीही त्याच सुमारास रोपवाटिकेतून तीन-चार रोपे आणा. बी पेरू नका. आजची बागायती स्ट्रॉबेरी ही अमेरिकेतील दोन जातींच्या संकरातून अठराव्या शतकात युरोपात निर्माण झाली. त्यामुळे बियांपासून उगवलेली रोपे मूळ झाडासारखी निघतीलच असे नाही. धावत्या खोडापासून फुटलेली रोपे मात्र हुबेहूब मूळ झाडासारखी असतात.

तळाला भोक असलेल्या, सुमारे २५ सें.मी. रुंदीच्या कुंडीत एकच रोप लावा. जमिनीत लावायचे असल्यास दोन रोपांत ३० सें.मी. अंतर ठेवा. भुसभुशीत मातीत कुजलेले शेणखत मिसळा. पाने आणि मुळे यांच्यामध्ये एक आखूड, जाड खोड असते. त्याचा माथा मातीच्या बरोबरीला राहिला पाहिजे. तो पुरला गेला तर कुजतो. खोड फार वर राहिले तर मुळे उघडी पडून रोप सुकते. कुंडी उन्हात ठेवा. माती ओलसर असावी, पण पाणी साचू देऊ नका. फळे धरल्यावर त्यांच्याखाली पेंढा पसरा, म्हणजे ती मातीला टेकून सडणार नाहीत.

आता प्रयोग. पाकळ्या गळून दोन-चार दिवस झाले, की एका फुलाच्या पुष्पासनावरील अर्ध्या बाजूचे दाणे सुईने हलकेच काढून टाका. शेजारचे एक फूल तुलनेसाठी तसेच राहू द्या. दोन्हींना दोऱ्याने खुणा करा आणि रोज निरीक्षणे वहीत नोंदवा. दाणे काढलेली बाजू खुरटलेली राहील, दुसरी फुगेल.

असे का व्हावे? नीच या शास्त्रज्ञाने १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत याचे उत्तर मिळते. त्याने सर्व दाणे काढले, तेव्हा पुष्पासनाची वाढ थांबली. दाण्यांऐवजी ऑक्सिन गटातील वृद्धिद्रव्याचा लेप लावताच ते पुन्हा फुगू लागले. म्हणजे वाढीचा निरोप दाण्यांकडून येतो, आणि दाण्यांची नीट वाढ होण्यासाठी परागण व्हावे लागते.

बागेत एखादी स्ट्रॉबेरी वेडीवाकडी निघाली, तर लगेच खताला दोष देऊ नका. आधी भिंगातून पाहा. खोलगट भागातील दाणे बारीक, दाटीने बसलेले दिसले, तर ते वाढलेच नाहीत असे समजा. कीड किंवा कडाक्याची थंडी यांनीही असे होते. पण पुष्कळदा परागण अपुरे पडलेले असते. अशा वेळी मऊ कुंचला उमललेल्या फुलांवरून हळूच फिरवा. मधमाश्या हेच काम फुकट करतात. म्हणून फुले उमललेली असताना कीटकनाशक फवारू नका.