पळसाची लाख, कोशिंबाची लाख

प्रश्न : आमच्याकडे पळस भरपूर. पण त्यावरची लाख विकायला नेली की व्यापारी म्हणतो, ‘ही रंगीनी, हिला कुसुमीचा भाव नाही मिळणार.’ किडा तर एकच ना? मग झाडाने एवढा काय फरक पडतो?
— एक वाचक, अहिवारा (जि. दुर्ग)

उत्तर : किडा एकच, केरिया लॅक्का. पण त्याचं जगणं बघा. अंड्यातून निघालेलं पिल्लू मिलिमीटरभरही नसतं. फांदीवर लाल भुकटी सांडावी तसा त्यांचा थवा दिसतो. कोवळी जागा सापडली की पिल्लू सालीत सोंड खुपसतं आणि तिथेच बसतं. मादीचे तर पुढे पायही गळतात. अंगातून पाझरलेल्या राळेखाली ती मरेपर्यंत एकाच जागी झाडाचा रस पीत राहते. अशा जिवाला झाड मानवलं नाही, तर दुसरीकडे जायची सोय नाही.

म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या पळसावर वाढलेला किडा आणि कोशिंबावर वाढलेला किडा यांचे दोन वाण झाले. पळसाची ती रंगीनी, कोशिंबाची ती कुसुमी. (हिंदीत कोशिंबाला कुसुम म्हणतात. आपला कुसुंबी रंग मात्र करडईच्या फुलांचा, त्याचा इथे संबंध नाही.) दोघांची पंचांगंही वेगळी. रंगीनीचं कतकी पीक पावसाळ्यात चार महिन्यांत उरकतं, बैसाखीला थंडी-उन्हाळा धरून आठ महिने लागतात. कुसुमीची अगहनी आणि जेठवी ही दोन्ही पिकं साधारण सहा-सहा महिन्यांची. कुसुमीची राळ फिकी, स्वच्छ. गोळ्या-चॉकलेटांवरच्या चकाकीला तशीच हवी असते. तुमचा व्यापारी भाव पाडत असेलही, पण फरक खोटा सांगत नाही.

कुसुमीचं बीहन (पिल्लं निघायला आलेल्या लाखेच्या काड्या) पळसावर बांधलं तर पीक धरत नाही, आणि रंगीनीला कोशिंब मानवत नाही. बोर मात्र दोघांनाही चालते. रांचीजवळ नामकुमला 1924 पासून लाखेची संशोधन संस्था आहे. तिथल्या अभ्यासातून आलेली बोरीवर कुसुमी घ्यायची पद्धत आता शेतकऱ्यांतही रुळली आहे. तुमच्या बांधावर बोरी असतील तर फेब्रुवारीत त्यांची छाटणी करा, जुलैत नव्या फांद्यांवर कुसुमीचं बीहन बांधा. अगहनी पीक हिवाळ्यात हाती येईल.