फाइल आली कुणाकडून?

मोबाईल दुरुस्तीच्या काउंटरवर बसलं की हल्ली एक प्रश्न सारखा कानावर येतो. "प्ले स्टोअर सोडून बाहेरून ॲप टाकायची सोयच फोनमधून काढून का टाकत नाहीत?" विचारणाऱ्याचा बहुतेक वेळा हात पोळलेला असतो, त्यामुळे त्याचा राग मला कळतो. तरीही माझं मत आहे की ही सोय राहिली पाहिजे. ते का, हे सांगण्याआधी एका गिऱ्हाइकाच्या फोनची हकिगत सांगतो, कारण धोका किती खरा आहे ते कळल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

बार्शी तालुक्यातल्या एका गावात दूध संकलन करणारे एक काका फोन घेऊन आले. "दादा, फोन लई तापतोय, आणि बँकेचे मेसेजच येईनात," म्हणाले. तापण्याचं मी फारसं मनावर घेतलं नसतं, पण मेसेज येत नाहीत म्हटल्यावर आधी सिमकार्ड काढून घेतलं आणि वायफाय बंद केलं. मग सेटिंगमध्ये जाऊन ॲपची पूर्ण यादी उघडली. स्क्रीनवर कुठंही न दिसणारं एक ॲप तिथं होतं. नाव सरकारी वाटावं असं, चिन्हही तसंच. त्याला मेसेज वाचायची, पाठवायची, संपर्क बघायची, कॉल करायची अशी सगळी परवानगी दिलेली. काढून टाकायचं बटण दाबावं तर ते फिकं पडलेलं, कारण त्या ॲपनं स्वतःला 'डिव्हाइस ॲडमिन' करून घेतलं होतं.

"हे कुठून आलं, काका?"

"चुलतभावानं पाठवलं की. गाडीचं चलान आलंय, बघून घे म्हणून."

चुलतभावानं काहीच पाठवलं नव्हतं. त्याचं व्हॉट्सॲप आदल्या दिवशी असंच कुणीतरी ताब्यात घेतलं होतं आणि त्याच्या नावानं गावच्या ग्रुपवर, भावकीच्या ग्रुपवर, डेअरीच्या ग्रुपवर तीच फाइल पडली होती. काकांच्या खात्यातून तीन वेळा मिळून जी रक्कम गेली ती त्यांची एकट्याची नव्हती, गावातल्या शेतकऱ्यांना वाटायचा दुधाचा पगार होता तो. पैसे गेल्याचं दुःख एक, आणि सकाळी किटली घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या माणसांना तोंड कसं दाखवायचं हे दुसरं. ते बोलत होते ते या दुसऱ्याबद्दलच.

हा डाव कसा चालतो ते नीट समजून घ्या, कारण समजल्यावर अर्धी भीती जाते आणि नेमकं कुठं थांबायचं ते कळतं. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी तीन अक्षरं असतात. फोटो किंवा पीडीएफ उघडल्यावर आपण फक्त बघतो. एपीके उघडली की फोनमध्ये नवा प्रोग्रॅम बसतो. कधी ती चलान म्हणून येते, कधी पीएम किसानचा हप्ता, कधी लग्नपत्रिका, कधी बँकेची केवायसी, कधी वीज तोडण्याची नोटीस. पहिलं ॲप बऱ्याचदा साधंच असतं. ते उघडलं की 'अपडेट करा' म्हणतं आणि खरं दुखणं त्या अपडेटमधून आत शिरतं. मग ते मेसेजची परवानगी मागतं. ती दिली की तुमच्या फोनवर येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर ठगाकडे जातो आणि तुमच्या नजरेआड होतो. म्हणूनच काकांना बँकेचे मेसेज दिसत नव्हते.

यूपीआय सुरू करताना आपल्या सिमवरून बँकेला एक मेसेज जातो आणि त्यावरून 'हा फोन याच माणसाचा' हे ठरतं. मेसेज वाचायचे आणि पाठवायचे हक्क ठगाच्या हाती गेले की त्या खात्रीला काही अर्थ उरत नाही. आणि व्हॉट्सॲप नव्या फोनवर सुरू करायलाही एक ओटीपीच लागतो. तो त्यानं वाचला की तुमच्या नावानं पुढच्या शंभर जणांना फाइल. विश्वासाच्या नात्यावर ही साखळी पुढं सरकते, हे मला यातलं सगळ्यात वाईट वाटतं.

आता मूळ प्रश्न. मग ही सोयच बंद का करू नये?

पहिलं कारण, अधिकृत दुकानातही सगळं चोख असतं असं नाही. कर्ज देतो म्हणून फोटो आणि संपर्कयादी उचलणारी, नंतर नातेवाइकांना फोन करून बदनामीच्या धमक्या देणारी ॲप आठवा. त्यांतली कितीतरी प्ले स्टोअरवरच होती. रिझर्व्ह बँकेला २०२२ मध्ये डिजिटल कर्जासाठी वेगळे नियम आणावे लागले आणि गूगललाही अशी ॲप मोठ्या संख्येनं हटवावी लागली. 'स्टोअरवरचं म्हणजे सुरक्षित' हे वाक्य पाठ झालं की माणूस तिथं डोळे मिटून वावरतो.

दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. ज्याच्या हाती एकुलता एक दरवाजा, त्याच्या हाती सगळ्या गावाची ये-जा. १८ सप्टेंबर २०२० ला पेटीएमचं ॲप काही तासांसाठी प्ले स्टोअरवरून दिसेनासं झालं. १ मार्च २०२४ ला सेवाशुल्काच्या वादातून विवाहस्थळांची आणि नोकऱ्यांची नावाजलेली भारतीय ॲप काढली गेली. सरकार मध्ये पडलं आणि ती परत आली. मोठ्यांसाठी मंत्री धावून आले, पण छोट्याचं काय? आमच्या गावाकडचा एक मुलगा आहे, त्यानं डेअरीसाठी लिटर, फॅट आणि दर यांचा हिशोब ठेवणारं ॲप मराठीत बनवलं. प्ले स्टोअरवर नवं वैयक्तिक खातं काढलं तर आधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस ॲप वापरून बघायला लागतं, ओळखपत्रं द्यावी लागतात, पंचवीस डॉलर भरावे लागतात. हे नियम चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. पण ज्या ॲपचे वापरणारेच मोजके संकलन केंद्रवाले, त्याला त्या वाटेनं जायची गरज काय? तो केंद्रावर स्वतः जातो, समोर बसून ॲप बसवतो, शिकवतो, बिघडलं तर परत येतो. त्याचा चेहरा, घर, बाप सगळ्यांना माहीत आहे.

ही सोय वापरणारे आणखीही लोक आहेत. एफ-ड्रॉइड हे २०१० पासून चालत आलेलं भांडार फक्त खुल्या स्रोताची ॲप देतं, म्हणजे ज्यांचा कोड कुणीही वाचून तपासू शकतं अशी. जाहिरात नसलेला म्युझिक प्लेअर, साधी नोंदवही, गुप्तता जपणारा कीबोर्ड तिथं सापडतो. सिग्नल आणि व्हीएलसी त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनही एपीके देतात. माझ्याकडं जुने फोन येतात, ज्यांच्यावर प्ले स्टोअर 'तुमच्या डिव्हाइसशी सुसंगत नाही' एवढं सांगून मोकळं होतं. अशा फोनवर जुन्या आवृत्तीचं एखादं ॲप टाकून आजीला रेडिओ ऐकायची सोय करून देता येते. बंदी आली तर तो फोन कचऱ्यात.

आपल्याकडं हा वाद कायद्याच्या दारातही गेलेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तेव्हा बाहेरून ॲप वाटायला आडकाठी करू नका असंही सांगितलं होतं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण ही सूचना रद्द केली. तिकडं युरोपात डिजिटल मार्केट्स ॲक्टमुळे मार्च २०२४ पासून आयफोनवरही दुसऱ्या ॲप-दुकानांना वाट द्यावी लागली. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलनं जाहीर केलं की ज्या विकसकाची ओळख तपासलेली नाही त्याचं ॲप प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बसणार नाही, सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून. एफ-ड्रॉइडनं याला कडाडून विरोध केला. नोव्हेंबरमध्ये गूगलनं जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू असं सांगितलं. माझं म्हणणं एवढंच की ती वाट खरोखर चालता येण्यासारखी असावी. ओळख विचारायला हरकत नाही, पण परवानगी देणारा शेवटचा माणूस फोनचा मालकच असला पाहिजे.

मालकानं मात्र ती परवानगी जागेपणी द्यायला हवी. माझी सगळी धडपड इथंच असते.

गिऱ्हाइकांना मी एकच गोष्ट विचारायला शिकवतो: ही फाइल तुम्ही शोधत गेलात, की ती तुम्हाला शोधत आली? एफ-ड्रॉइडवर तुम्ही स्वतः गेलात, वाचलंत, ठरवलंत. डेअरीच्या पोराला तुम्ही बोलावून घेतलंत. चलानची फाइल मात्र न मागता आली, सोबत घाई घेऊन आली, आणि ओळखीच्या नंबरावरून आली म्हणून संशयही आला नाही. न मागता आलेली एपीके उघडायची नाही, मग ती सख्ख्या भावाकडून येवो. भावाला फोन लावा. मेसेज नको, फोनच, कारण मेसेजला उत्तर ठगही देईल. चलान खरंच आहे का बघायचं तर परिवहनच्या किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर स्वतः जाऊन गाडीचा नंबर टाका. चलान भरायला फाइल बसवावी लागत नाही. बँकही तुम्हाला व्हॉट्सॲपवर ॲप पाठवत नाही.

मग सेटिंग. अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, बाहेरून ॲप बसवायची परवानगी प्रत्येक ॲपला वेगवेगळी द्यावी लागते. सेटिंगमधल्या शोधाच्या चौकटीत 'अज्ञात ॲप' एवढं टाका, यादी समोर येईल. त्यात व्हॉट्सॲप, टेलिग्राम, क्रोम आणि फाइल मॅनेजर यांच्यासमोरचं बटण बंद हवं. कधी गरज पडली तर तेवढ्यापुरतं चालू करा, काम झालं की त्याच हातानं बंद करा. ॲप तपासणाऱ्या गूगलच्या 'प्ले प्रोटेक्ट'नं अडवलं तर ते बंद करायला सांगणारा माणूस ठग समजा. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या ॲपला 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी सहज मिळत नाही, फोन 'प्रतिबंधित सेटिंग' असं म्हणतो. ही परवानगी म्हणजे तुमची स्क्रीन वाचायची आणि तुमच्या वतीनं बोट लावायची मुभा. ती कुठल्याही चलानला, पत्रिकेला, हप्त्याला लागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर ही बटणं त्यांच्याशेजारी बसून, त्यांना सांगून बंद करा. परस्पर केलं तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी फोनवर सांगेल तसं ते पुन्हा चालू करतील.

तरीही फाइल उघडलीच गेली तर? लोक धावत येतात आणि म्हणतात, "दादा, आधी फॉरमॅट मारा." मी लगेच मारत नाही. आधी विमान मोड, वायफायही बंद. मग दुसऱ्या फोनवरून १९३० ला कॉल. ही राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन आहे आणि पैसे ठगाच्या खात्यातून पुढं सरकायच्या आत अडवता यावेत म्हणूनच ती आहे, त्यामुळे इथं प्रत्येक मिनिट मोलाचं. पाठोपाठ बँकेला कळवून खातं, कार्ड आणि यूपीआय थांबवायचं आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्यायचा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणानं नुकसान झालं तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या अंगावर असतं. म्हणून कळवल्याची वेळ लिहून ठेवा. त्यानंतर मी दुसऱ्या मोबाईलनं त्या स्क्रीनचे फोटो काढतो: फाइलचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर, ॲपची परवानगीयादी, व्यवहाराचे क्रमांक. फॉरमॅट मारलं की हा सगळा पुरावा जातो आणि पोलिसांकडं दाखवायला हातात काही राहत नाही.

हे झाल्यावर सेफ मोडमध्ये फोन चालू करून ॲपचा ॲडमिन हक्क काढायचा आणि मग ते उडवायचं. फॉरमॅट शेवटी. फोटो आणि संपर्क तेवढे वाचवायचे, जुन्या ॲपचा बॅकअप परत घालायचा नाही. कॉल दुसरीकडं वळवलेले असतील तर ##००२# डायल करून ते रद्द करायचे. पासवर्ड आणि पिन दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदलायचे आणि व्हॉट्सॲपला दोन टप्प्यांची पडताळणी लावायची.

आणि तुमच्या नंबरवरून ग्रुपवर फाइल गेली असेल, तर त्याच तासाला घरच्यांच्या फोनवरून ग्रुपवर लिहा: 'माझ्या नावानं आलेली फाइल उघडू नका.' ॲडमिनला फोन करून ती काढायला लावा, आणि ज्यांनी उघडली असेल त्यांना एकेकाला फोन करा. काकांच्या चुलतभावाला सकाळीच शंका आली होती, पण लाजेपोटी तो संध्याकाळपर्यंत कुणाला बोलला नाही. काकांनी फाइल उघडली ती दुपारी.