विचारून बांधलेलं

मी वास्तुरचनाकार आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत काम करताना काही गोष्टी हळूहळू उमगत गेल्या, त्या इथे मांडते.

१. इथे छपराचा विचार मे महिन्यात करावा. चंद्रपूरचा पारा ४७-४८ अंशांवर जातो. सरकारी घरकुल योजनेतल्या घराचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खाली सोडतो. योजनेचं घर किमान २५ चौरस मीटरचं. अशा कितीतरी घरांत पक्क्या खोलीत धानाची पोती आणि टीव्ही दिसतात, माणसं मात्र मागच्या कुडाच्या घरात निजतात. तिथे बांबूचा ताटवा असतो, त्यावर माती-शेणाचा लेप, वर कवेलू. भिंत आणि छप्पर यांच्यामधल्या फटीतून वारा खेळतो. मी हे कौतुकानं बोलू लागले की एखादी बाई विचारते, "दरसाल कवेलू फेरायला तुम्ही येता का? माकडं किती फोडतात!" तिला स्लॅबच हवा आणि तिची मागणी रास्त आहे. त्या स्लॅबवर सावली कशी धरायची, पुढे छपरी कशी काढायची, हे माझं काम.

२. जंगलाच्या कुशीतल्या गावात सिमेंट का शिरलं, याचं उत्तर मला बांधकामशास्त्रात सापडलं नाही. सिमेंटच्या पोत्याला परवानगी लागत नाही. घराला लागणाऱ्या सागाच्या खांबाला लागते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून तिथली ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. बांबूची घरं बांधा असं गावाला सांगण्याआधी आता मी विचारते, बांबू कोणाच्या ताब्यात आहे?

३. इमारत माणसाला घाबरवू शकते, हे मला गडचिरोलीतल्या शोधग्रामच्या दवाखान्यानं दाखवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तो बांधण्याआधी आदिवासींना विचारलं होतं. मोठ्या इमारतीत हरवल्यासारखं वाटतं, पांढरे कपडे पाहून प्रेतावरचं कापड आठवतं, नातेवाइकांना बाहेर का काढता, असं लोकांनी सांगितलं. म्हणून तिथे झोपड्यांच्या घडणीचे वॉर्ड झाले, आप्तांना सोबत राहता आलं आणि दवाखान्याला त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं, नाव मिळालं. आपल्याकडच्या किती सरकारी इमारतींच्या नकाशावर असा एक तरी प्रश्न विचारलेला दिसतो?

४. वाघ हाही नगररचनेचा विषय आहे. चंद्रपूरला लागून असलेल्या दुर्गापूर-ऊर्जानगर भागात २०२२ साली वाघ-बिबट्यांनी माणसं मारली. वस्तीलगतची झुडपं, उघड्यावरचा कचरा, त्यावर येणारी कुत्री-डुकरं, बंद पडलेला दिवा या सगळ्यांचा त्या हल्ल्यांशी संबंध आहे. कुठल्या वळणावर भीती वाटते, हे त्या वाटेनं रोज जाणाऱ्या बाया अचूक सांगतात.

५. सगळ्यात अवघड धडा कुर्माघराचा. गडचिरोलीतल्या माडिया-गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बायकांनी गावाच्या कडेच्या झोपडीत राहायचं. बहुतेक झोपड्यांत शेणाची जमीन, गळकं छप्पर, ना पाणी ना संडास. तिथे राहताना बायका दगावल्या आहेत, साप चावूनही. २०२१ च्या सुमारास मुंबईच्या खेरवाडी सोशल वेल्फेअर असोसिएशननं काही ठिकाणी खाटा, वीज, संडास असलेली पक्की कुर्माघरं बांधली. त्यावर आक्षेप आला की चांगली खोली बांधून तुम्ही प्रथाच पक्की करता. तो आक्षेप मला पटतो. ही प्रथा जायलाच हवी, आणि ती भिंतींनी जाणार नाही, त्या गावांतल्या मुलींनी नाकारली तरच जाईल. पण या पावसाळ्यात तिथे निजणाऱ्या बाईला मी तोवर थांब म्हणू शकत नाही. काय हवं विचारलं तर काही जणी आधी दाराला आतून कडी मागतात, मग दिवा, मग पाणी. नकाशा काढायचा तर तो त्याच क्रमानं काढावा, असं मला वाटतं. आणि प्रथेविरुद्धचं बोलणंही त्याच बायकांबरोबर बसून चालू ठेवावं.