घरी राहून पदवी : अभ्यास आणि आरोग्य

पदवी ही बुद्धीच्या बळावर मिळवायची गोष्ट आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत चुकीची नसली तरी अपुरी आहे. पदवी शरीराच्याही बळावर मिळवावी लागते. रोज महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ही गोष्ट सहसा नजरेत भरत नाही. परंतु नोकरी किंवा घरकाम सांभाळून, घराच्या एका कोपऱ्यात बसून जो पदवीचा अभ्यास करतो, त्याला ती पहिल्याच वर्षी उमगते. पाठ कठीण असतो म्हणून त्याचा अभ्यास थांबतो असे नाही. पुष्कळदा डोळे, पाठ, झोप आणि उत्साह ही एकामागून एक साथ सोडतात म्हणून तो थांबतो. म्हणून घरी राहून शिकणाऱ्याने आरोग्याचा विचार अभ्यासक्रमाच्या बाहेरचा न मानता अभ्यासाचाच एक भाग मानला पाहिजे.

पत्रापासून पडद्यापर्यंत

वर्गात न बसता पदवी मिळविण्याची कल्पना नवी नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ साली बाहेरून परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आपले द्वार उघडले. भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षणाचा आरंभ केला. छापील पाठ टपालाने जात आणि उत्तरे टपालानेच परत येत. ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठाला १९६९ साली सनद मिळाली आणि १९७१ साली त्याचे पहिले विद्यार्थी शिकू लागले. या कल्पनेला भारतात १९८२ साली हैदराबाद येथील मुक्त विद्यापीठाने आणि १९८५ साली दिल्लीतील इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने मूर्त रूप दिले. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ मध्ये झाली.

पुढे टपालाची जागा हळूहळू इंटरनेटने घेतली. शासनाचा ‘स्वयम्’ हा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मंच २०१७ साली सुरू झाला. मार्च २०२० मध्ये साथीमुळे सर्वच महाविद्यालये बंद झाली, तेव्हा देशातील कोट्यवधी विद्यार्थ्यांना घर हाच वर्ग करावा लागला. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याच वर्षी केलेल्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची अथवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष मानली जाते. मात्र वैद्यक, परिचर्या, अभियांत्रिकी यांसारखे अभ्यासक्रम ऑनलाइन चालविण्यास या विनियमांनी परवानगी दिली नाही. तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेची आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाची मान्यता तपासून घेणे, हे विद्यार्थ्याचे पहिले कर्तव्य होय.

घंटेचे काम

महाविद्यालय ज्ञान देते, तसेच ते विद्यार्थ्याच्या नकळत त्याच्या शरीराचीही व्यवस्था पाहते. घरून निघणे, बसथांब्यापर्यंत चालणे, जिने चढणे, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणे, तास संपताच उठणे, मधल्या सुट्टीत मित्रांबरोबर डबा खाणे, या साऱ्या गोष्टी वेळापत्रकात लिहिलेल्या नसतात, तरीही त्या घडतात. दर तासाला वाजणारी घंटा डोळ्यांना विश्रांती देते, पाय मोकळे करते आणि मनाला एका विषयातून दुसऱ्या विषयात नेते.

घरी शिकणाऱ्याला ही घंटा नसते. तो सलग तीन तास एकाच जागी बसला तरी त्याला कोणी उठवीत नाही, आणि तीन दिवस पुस्तकाला हात लावला नाही तरी कोणी विचारीत नाही. यातून अतिरेक आणि आळस असे दोन्ही दोष उद्भवतात. सत्राच्या आरंभी आळस आणि परीक्षा जवळ येताच अतिरेक, असा त्यांचा ठरलेला क्रम असतो. शरीराची सर्वांत अधिक हानी होते ती या दुसऱ्या काळात.

तासांचा हिशेब

हा क्रम मोडावयाचा असेल तर आरंभीच हिशेब मांडला पाहिजे. मुक्त विद्यापीठांत अभ्यासाचा भार श्रेयांकांत मोजला जातो. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात एक श्रेयांक म्हणजे सुमारे ३० तासांचा अभ्यास असे धरले जाते. या विद्यापीठाने २०१९ साली सुरू केलेला बी.ए.चा त्रैवार्षिक अभ्यासक्रम १३२ श्रेयांकांचा होता. तो कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षांत पूर्ण करण्याची मुभा होती.

१३२ श्रेयांकांचे ३,९६० तास होतात. तीन वर्षांत ते पुरे करावयाचे तर दर आठवड्याला सुमारे २५ तास, म्हणजे रोज साडेतीन तासांहून थोडे अधिक द्यावे लागतात. आता आठ तासांची नोकरी आणि दोन तासांचा प्रवास असलेल्या माणसाचा दिवस घ्यावा. सात तासांची झोप धरली तर सतरा तास संपले. अभ्यासाचे साडेतीन तास वजा जाता स्वयंपाक, जेवण, स्नान, मुलेबाळे आणि आजारी माणसे या सर्वांसाठी उरतात केवळ साडेतीन तास. ज्या स्त्रीवर घरचा सारा भार आहे, तिला हे तास कोठून पुरणार? अशा वेळी कमी पडणारा वेळ बहुधा झोपेतून काढला जातो.

तोच अभ्यासक्रम सहा वर्षांत पसरला तर रोजचा वाटा सुमारे पावणेदोन तासांवर येतो. येथे मुक्त विद्यापीठाच्या रचनेचे खरे मर्म दिसते. अधिक मुदत ही मंदबुद्धीच्या विद्यार्थ्यावर केलेली मेहेरबानी नव्हे; ज्याचा दिवस आधीच भरलेला आहे त्याच्यासाठी योजलेली ती सोय आहे. चार किंवा पाच वर्षांत मिळविलेली पदवी तीन वर्षांत मिळविलेल्या पदवीहून उणी ठरत नाही. आपल्या दिवसात खरोखर किती तास मोकळे आहेत हे मोजून मगच विषयांची संख्या ठरविणे, हा आरोग्यरक्षणाचा पहिला नियम समजावा.

डोळे आणि बैठक

इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात निरनिराळ्या व्यवसायांतील रोगांचे वर्णन केले आहे. लेखनिकांच्या दुखण्यांची त्याने तीन कारणे सांगितली : सतत बसणे, हाताची एकसारखी हालचाल आणि मनावरचा ताण. तीन शतकांनंतर लेखणीची जागा पडद्याने घेतली असली तरी कारणे तीच राहिली आहेत.

जवळची वस्तू पाहताना डोळ्याच्या आतील लहान स्नायू आकुंचित राहतो. दूर पाहताच तो सैल पडतो. शिवाय पडद्याकडे पाहताना पापण्या नेहमीपेक्षा कमी वेळा मिटतात, त्यामुळे डोळे कोरडे पडून चुरचुरतात. यावर नेत्रवैद्य एक सोपा उपाय सांगतात. दर २० मिनिटांनी सुमारे २० फूट अंतरावरील वस्तूकडे निदान २० सेकंद पाहावे. खिडकीबाहेरचे झाड किंवा समोरच्या घराचे छप्परही त्यासाठी पुरेसे आहे. पडदा हातभर अंतरावर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीच्या किंचित खाली असावी.

भारतातील असंख्य विद्यार्थी मोबाइलच्या लहानशा पडद्यावर शिकतात. तो मांडीवर धरला की मान तासन्‌तास वाकलेली राहते. मोबाइल एखाद्या डब्याला टेकवून उंच ठेवणे, व्याख्यान नुसते ऐकण्याजोगे असेल तेव्हा पडदा बंद करणे, आणि वाचावयाचा मजकूर शक्य तेथे छापील पुस्तिकेतून वाचणे, या उपायांना खर्च जवळजवळ नाहीच. जमिनीवर बसून अभ्यास करणाऱ्याने पुढ्यात उतरते मेज घ्यावे व पाठीला भिंतीचा आधार द्यावा.

चालणे

बैठ्या जीवनाचे परिणाम किती गंभीर असतात, याचा एक प्रसिद्ध पुरावा लंडनच्या बसगाड्यांतून मिळाला. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी प्रमाणात होत असे. दोघेही एकाच गाडीत, एकाच रस्त्याने जात. मुख्य भेद होता तो हालचालीचा. पुढे झालेल्या अनेक संशोधनांनी या निष्कर्षाला पुष्टी दिली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामाची शिफारस केली. रोज २२ मिनिटे झपझप चालले तरी यातील किमान मर्यादा गाठली जाते. एक थांबा आधी उतरून घरी येणे, दळण किंवा भाजी पायी जाऊन आणणे, ऐकावयाचे व्याख्यान गच्चीत फेऱ्या मारीत ऐकणे, अशा रीतीने ती अभ्यासाच्या वेळाला धक्का न लावता साधता येते.

झोप आणि स्मरण

परीक्षेच्या आदल्या रात्री जागणे ही आपल्याकडे जिद्दीची खूण मानली जाते. स्मरणशक्तीच्या अभ्यासकांचा निर्णय मात्र उलट आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस याने १८८५ साली दाखवून दिले की, पाठ केलेली गोष्ट आरंभी फार वेगाने विसरली जाते, आणि एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने केलेली उजळणी अधिक फलदायी ठरते. अमेरिकेतील जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी १९२४ साली असे नोंदविले की, पाठ केल्यानंतर माणूस जागा राहिला तर तो जेवढे विसरतो, त्याहून झोप घेतल्यास कमी विसरतो. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ सालच्या प्रयोगात तोच उतारा पुनःपुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, पुस्तक मिटून तो आठवून पाहणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर अधिक राहिले.

या तीन निष्कर्षांचा एकत्रित अर्थ असा की, थोडे वाचावे, पुस्तक मिटून आठवावे, वेळेवर झोपावे आणि काही दिवसांनी पुन्हा आठवून पाहावे. प्रौढाला निदान सात तासांची झोप हवी. रात्री उशिरा घेतलेला चहा वा कॉफी या बाबतीत शत्रूचे काम करते. त्यातील कॅफीनचा जवळजवळ निम्मा अंश सुमारे पाच तासांनंतरही शरीरात शिल्लक असतो. रात्री दहाचा पेला पहाटे तीनपर्यंत आपला प्रभाव टिकवून असतो, तो असा.

आहार

थकव्याचे मूळ दर वेळी अभ्यासात असतेच असे नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. धाप लागणे, लक्ष न लागणे, पुस्तक उघडताच डोळे मिटणे ही रक्तक्षयाचीही लक्षणे असू शकतात. अशी स्त्री स्वतःला आळशी किंवा बुद्धीने कमी समजून अभ्यास सोडून देते, ही मोठी शोकांतिका होय. रक्तातील हिमोग्लोबिनची तपासणी साधी असून ती सरकारी आरोग्य केंद्रांत होऊ शकते. डाळी, उसळी, बाजरी आणि हिरव्या पालेभाज्या यांतून लोह मिळते. लिंबू किंवा आवळा जेवणात असेल तर ते अंगी अधिक लागते. जेवणाबरोबर घेतलेला चहा मात्र त्याला अडथळा करतो. रक्तक्षय आढळल्यास केवळ आहारावर न विसंबता वैद्यकीय सल्ल्याने औषध घ्यावे.

एकटेपणा

घरी शिकणाऱ्याचे अखेरचे दुखणे मनाचे असते. वर्गात एखादा भाग कळला नाही तर शेजारच्यालाही तो कळलेला नाही, हे पाहून धीर येतो. घरी एकट्याला वाटते की दोष आपलाच आहे. म्हणून अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रांना जाणे हे पाठ समजून घेण्यापुरते महत्त्वाचे नसून माणसे भेटण्यासाठीही महत्त्वाचे आहे. एकाच गावातील दोन-तीन विद्यार्थी आठवड्यातून एकदा सार्वजनिक ग्रंथालयात एकत्र बसले तरी पुष्कळ साधते. उदासपणा आठवडे उलटूनही ओसरत नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, तर तो मनाचा दुबळेपणा न समजता उपचाराचा विषय समजावा. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

घरातील माणसांचाही यात वाटा आहे. पदवी घेणारी सून किंवा पहाटे उठून वाचणारा कारकून घरातल्यांकडे फार मोठे काही मागत नाही. त्याला हवा असतो ठरावीक वेळी शांत कोपरा आणि एखाद्या कामातून सुटका. हे साहाय्य मिळाले तर झोपेतून तास चोरण्याची पाळी येत नाही.

विद्यार्थ्याने प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात एका कागदावर आपला दिवस मांडावा. त्यात प्रथम झोप, मग जेवण व चालणे, आणि त्यानंतर अभ्यासाचे तास लिहावेत. उरलेल्या जागेत जितके विषय बसतील तितकेच त्या सत्रात घ्यावेत. हा कागद भिंतीवर लावला की महाविद्यालयाच्या घंटेचे काम तो करू लागतो. वर्षे थोडी अधिक लागतील. परंतु पदवी हाती येईल तेव्हा तिचा उपयोग करण्यास लागणारे शरीर आणि मनही शाबूत असतील.