फुकटच्या क्लस्टरचा पगार कोण देणार?

हडूप घ्यावे की स्पार्क, डास्क बरे की रे, असे कुणी विचारले की माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: तुमचा डेटा आहे तरी किती? मोठ्या डेटाचे काम अनेक यंत्रांत वाटणारी ही सगळी अवजारे फुकट आहेत, त्यामुळे तुलना करताना किमतीचा रकाना आपोआप गळतो आणि डोळे फक्त ताकदीकडे लागतात. वास्तविक फुकट असते ते डाउनलोड. यंत्रांचा क्लस्टर उभा करणारा, बिघाड शोधणारा, नवी आवृत्ती आली की सगळे नोड एकमेकांशी पुन्हा जुळवून घेणारा माणूस फुकट नसतो, आणि आमच्या बारामती-इंदापूर पट्ट्यात तो टिकतही नाही. जरा हात बसला की त्याला हिंजवडीची आयटी नोकरी खुणावते. म्हणून ही अवजारे अगदी शेवटी घ्यावीत, एका यंत्रावर भागणे खरोखर अशक्य झाल्यावरच, असे माझे मत आहे.

हिशेब मांडूनच बघा. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, कुठलाही साखर कारखाना डोळ्यांसमोर आणा. समजा, वजनकाट्यावर दिवसाला १,००० वाहने येतात आणि गाळप १५० दिवस चालते. हंगामाच्या पावत्या दीड लाख झाल्या, वीस हंगामांच्या तीस लाख. गट नंबर, उसाची जात, तोडणी टोळी, वाहतूकदार, भरलेले वजन, रिकामे वजन असे सगळे रकाने धरून एका पावतीला अर्धा किलोबाइट दिला, तरी वीस वर्षांचा ऐवज दीड गिगाबाइटच्या आसपास भरतो. पोस्टग्रेस डेटाबेस हे साध्या डेस्कटॉपवर सहज पेलतो. हाच डेटा हडूपमध्ये टाकला तर १२८ मेगाबाइटच्या ठरीव मापाने त्याचे जेमतेम बारा तुकडे पडतील, प्रत्येकाच्या तीन प्रती निघतील, आणि त्या छत्तीस तुकड्यांची राखण करायला नेमनोड, डेटानोड आणि वर एक जाणकार माणूस लागेल. बारा तुकड्यांना एवढा लवाजमा!

हे केवळ छोट्या गावाचे रडगाणे नाही. २०१५ मध्ये फ्रँक मॅकशेरी, मायकेल इसार्ड आणि डेरेक मरे यांनी एक शोधनिबंध मांडला. ट्विटरच्या सुमारे दीड अब्ज दुव्यांच्या जाळ्यावर पेजरँक या गणिताच्या वीस फेऱ्या करायला स्पार्कच्या ग्राफएक्सला १२८ कोर वापरून ४१९ सेकंद लागल्याचे प्रसिद्ध झाले होते. त्यांनी तेच काम एका लॅपटॉपवर, एकाच थ्रेडमध्ये, ३०० सेकंदांत करून दाखवले. काम वाटून दिले की यंत्रांचा बराच वेळ एकमेकांना निरोप देण्यात जातो, हे यामागचे एक साधे कारण.

यावर कुणी म्हणेल, पावत्यांचे ठीक आहे, पण आता उसाच्या शेतीत एआय आले, उपग्रहाची चित्रे आली, त्यांचे काय? प्रश्न रास्त आहे. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टच्या ऊस प्रकल्पामुळे मायक्रोसॉफ्टच्या फार्मव्हाइब्सचे नाव इकडे बांधावर पोचले. त्यातल्या फार्मव्हाइब्स डॉट एआयचा कोड २०२२ पासून एमआयटी परवान्याखाली खुला आहे. तो उघडून पाहिला तर दिसते की त्याची मांडणी एका यंत्रावरही उभी राहते. (पोटात क्लस्टर सांभाळणारे कुबरनेटिस आहेच, पण निदान ते बसवायची स्क्रिप्ट सोबत मिळते.) सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्राचा एक चौकोन साधारण ११० किलोमीटर लांब-रुंद असतो आणि पाच दिवसांनी नवे चित्र येते. एका चित्राला एक गिगाबाइट दिला तरी वर्षाची त्र्याहत्तर चित्रे बाजारातल्या साध्या हार्डडिस्कच्या कोपऱ्यात बसतात. इथे डास्क कामाला येते, कारण ते आधी एकाच यंत्रातले सगळे कोर राबवते आणि पुढे गरज पडलीच तर तोच कोड थोड्या फरकाने अनेक यंत्रांवर नेता येतो. डेटा उद्या वाढला तर, या शंकेलाही माझ्या मते हेच उत्तर पुरते.

दुसरा आक्षेप कॉलेजच्या मुलांचा: नोकरीच्या जाहिरातीत स्पार्क मागतात. मग जरूर शिकावे, पण शिकण्यासाठी स्पार्क स्वतःच्या लॅपटॉपवर लोकल मोडमध्ये चालते. कॉलेजला खरोखरचे वितरित काम दाखवायचेच असेल, तर रात्री रिकाम्या पडलेल्या लॅबवर एचटीकाँडर बसवावे. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८० च्या दशकात ते याच कामासाठी जन्मले, आणि गुरुत्वीय लहरी शोधणारा लायगोसारखा प्रकल्प आजही त्यावर गणिते करतो. मधेच वीज गेली आणि एखादा संगणक बंद पडला, तर त्याच्यावरचे काम पुन्हा रांगेत लागते. आपल्याकडे हा गुण वेगाहून मोलाचा.

अवजारांच्या तुलनेत परवान्याचा रकाना मात्र कुणी भरत नाही. २०२३ मध्ये टेराफॉर्मने आणि २०२४ मध्ये रेडिसने आपला खुला परवाना बदलला. ओपनटोफू आणि व्हॅल्की या शाखा त्यातूनच फुटल्या. पोस्टग्रेस एका कंपनीच्या मालकीचे नाही, स्पार्क अपाचे फाउंडेशनकडे आहे, तिथे हा धोका कमी. पण परवाना तोच राहूनही आधार काढून घेतला जाऊ शकतो. सेंटओएस ८ या फुकट लिनक्सला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील असे सगळे धरून चालले होते. डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली आणि ३१ डिसेंबर २०२१ ला त्या थांबल्या, म्हणजे ऐन गाळपात. अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स तोवर तयार होते, तेही फुकट. एका सर्व्हरचे स्थलांतर एखाद्या रविवारी, बॅकअप घेऊन उरकता येते. क्लस्टरचा मात्र एकेक नोड खाली घ्यायचा, त्याच्यावरच्या प्रती दुसरीकडे हलवायच्या, तो पुन्हा उभा करायचा, मग पुढचा. आणि काट्यावरची ट्रॅक्टरची रांग तोवर थांबत नाही.