मोबाइल आणि मुलीचं मराठी

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. मोबाइलवर मराठी लिहिते तेही इंग्रजी अक्षरांत. निबंध इंटरनेटवरून जसाच्या तसा उतरवते. मोबाइल काढून घ्यावा का?

उत्तर : मोबाइल काढून घेतल्याने उतरवण्याची सवय सुटणार नाही, तिला पुस्तकातूनही उतरवता येतं. स्क्रीनवर सराईतपणे बोटं फिरणं म्हणजे डिजिटल साक्षरता नव्हे. माहिती शोधणं, पारखणं आणि ती स्वतःच्या शब्दांत मांडणं, ही खरी साक्षरता. तिथे भाषेचाच कस लागतो.

सुरुवात देवनागरीपासून करा. त्यासाठी इनस्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक वापरायला द्या. त्यावर डावीकडे स्वर, उजवीकडे बहुतेक व्यंजनं असतात. जोडाक्षरासाठी हलन्त द्यावा लागतो, त्यामुळे अक्षराची घडण आपोआप लक्षात येते.

मग एकच विषय, समजा रायगड, मराठी विश्वकोशात आणि मराठी विकिपीडियावर वाचायला द्या. विश्वकोशातील नोंदी तज्ज्ञ लिहितात. विकिपीडियावर कुणीही बदल करू शकतो आणि ते बदल ‘इतिहास’मध्ये दिसतात. कुठल्या विधानाला संदर्भ आहे, कुठल्याला नाही, हे तिलाच शोधू द्या. त्यानंतर दोन्ही पानं बंद करून निबंध लिहायला सांगा.

कधी ती बोलेल आणि मोबाइल लिहील, असंही करा. त्यातले ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हं तिने तपासावीत. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास पुरे. मात्र शेजारी बसा.