बंदिवासातील सरपटणारे जीव
(बी. ए. द्वितीय वर्ष)

श्रावण शुद्ध पंचमीला आपल्याकडे शेतकरी औत धरीत नाही. घरात त्या दिवशी चिरणे, तळणे टाळतात आणि पुरणाचे दिंड उकडून नैवेद्य दाखवितात. बायाबापड्या वारुळाला जातात व नागाला भाऊ मानून पूजतात. जमिनीखालच्या जीवाला आपल्या हातून इजा होऊ नये, हा या चालीरीतींमागील भाव आहे. परंतु त्याच दिवशी दारोदार फिरणाऱ्या टोपलीतील नागाचे दात मात्र उपटलेले असतात. पूजा नागाची आणि हालही नागाचेच, अशी ही विसंगती आहे.

माणसाच्या ताब्यात आलेला सरपटणारा जीव आज तीन ठिकाणी दिसतो. पहिले गारुड्याची टोपली, दुसरे शहरातील दुकानाची काचेची पेटी आणि तिसरे हौशी सर्पमित्राची प्लॅस्टिकची बरणी. या तिन्ही ठिकाणी त्याची निगा कशी होते, ती का बिघडते आणि चांगली निगा कशी असते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. सापाची शरीररचना आणि गरजा

साप, सरडे, कासवे हे जीव आपल्याप्रमाणे शरीरातच उष्णता निर्माण करून तापमान कायम राखीत नाहीत. ऊन लागले की सावलीत जावे, गारठा वाटला की तापलेल्या दगडावर यावे, अशा रीतीने ते आपले तापमान सांभाळतात. यातच बंदिवासातील बहुतेक दुःखाचे मूळ आहे. ज्या पेटीत एक बाजू उबदार व एक बाजू थंड नाही, तेथे या जीवाला जगण्याचे मुख्य साधनच उरत नाही. पुरेशी ऊब नसेल तर खाल्लेले भक्ष्य पचत नाही आणि पोटातच कुजते. उलट, शरीराचे तापमान चाळीस अंशांच्या पुढे गेले तर बहुतेक साप तग धरत नाहीत. आपल्या बीड जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत हवेचा पाराच चाळिशी ओलांडतो. अशा वेळी पत्र्याच्या डब्यात किंवा बंद बरणीत उन्हात ठेवलेल्या सापाचे काय होत असेल, ते सांगावयास नको.

दुसरी गरज आडोशाची. साप हा लपून राहणारा जीव आहे. चहूबाजूंनी उघड्या काचेत ठेवणे म्हणजे त्याला अखंड भीतीत ठेवणे होय. तिसरी गरज पाण्याची व योग्य ओलाव्याची. ओलावा कमी पडला की कात अखंड न निघता तुकड्यांनी निघते, डोळ्यांवर तशीच चिकटून राहते आणि दृष्टी मंदावते.

आता एक महत्त्वाची गोष्ट. कुत्रे भुकेले झाले तर केकाटते, गाय हंबरते. सापाला मात्र हाक नाही. त्याच्या डोळ्यांना पापण्या नाहीत आणि चेहऱ्यावर दुःख उमटत नाही. त्याच्या शरीराचे व्यवहार इतके संथ चालतात की तो अन्नाविना आठवडेच काय, महिनेही काढतो. त्यामुळे चुकीच्या निगेचा परिणाम त्याच दिवशी दिसत नाही. तो हळूहळू मरतो आणि पाहणाऱ्याला मात्र वाटते, 'जिवंत आहे, म्हणजे ठीक आहे.' दुकानदार व ग्राहक या दोघांचीही फसगत येथेच होते.

२. टोपलीतील नाग

आठवडी बाजारात पुंगी वाजली की गर्दी जमते. नाग पुंगीवर डोलतो असे लोक समजतात. वास्तविक सापाला बाह्य कान नसतात. जमिनीतून येणारी कंपने आणि हवेतील काही खालचे स्वर त्याला जाणवतात, परंतु फणा हलतो तो समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवण्यासाठी. ते नृत्य नसून स्वसंरक्षणाचा पवित्रा असतो.

नागाने चावू नये म्हणून त्याचे विषाचे दात उपटतात आणि कधी तोंडही शिवतात. विषाचे दात पुन्हा येतात, म्हणून ते पुन्हा उपटावे लागतात. या जखमा चिघळतात, तोंडात पू साठतो आणि नागाला भक्ष्य गिळता येत नाही. दुधाची गोष्टही अशीच. उंदीर, बेडूक व इतर लहान प्राणी हे नागाचे अन्न आहे, दूध नव्हे. ते पचविण्याची सोय त्याच्या शरीरात नाही. सणाआधी त्याला कित्येक दिवस पाणी न देता तहानेने व्याकूळ केले जाते. मग समोर येईल ते तो पितो. लोकांना वाटते, देव प्रसन्न झाला. पुढे ते दूध बाधते, काही वेळा फुप्फुसात जाते आणि नाग दगावतो. पुण्य मिळाल्याच्या समाधानात घरी गेलेल्या भाविकाला हा शेवट कधी दिसत नाही.

या संदर्भात सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याचा उल्लेख करणे आवश्यक आहे. तेथे नागपंचमीला जिवंत नाग पकडून त्यांची पूजा व मिरवणूक करण्याची जुनी परंपरा होती. आम्ही नागाचे दात काढीत नाही, त्याला मडक्यात जपून ठेवतो व सणानंतर पकडल्या ठिकाणी सोडून देतो, असे तेथील ग्रामस्थ सांगत आले आहेत. तरीही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने या प्रथेवर निर्बंध आणले आणि लोक प्रतिमेच्या पूजेकडे वळले. २०२५ साली केंद्र सरकारने लोकशिक्षणाच्या हेतूने २१ नाग पकडण्यास मर्यादित परवानगी दिली. श्रद्धा आणि कायदा यांचा हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण एक गोष्ट निश्चित की वाजंत्री, गर्दी आणि झगझगीत दिवे यांत नागाला सुख नाही, मग हाताळणारा कितीही प्रेमळ असो.

३. दुकानातील काचेची पेटी

शहरांतील पाळीव प्राण्यांच्या दुकानांत आता मासे व पोपट यांच्या जोडीला कासवे, इग्वाना, परदेशी अजगर दिसू लागले आहेत. मराठवाड्यातील एका मोठ्या शहरातील अशा दुकानात मी एका काचेच्या वाडग्यात रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी बारा-पंधरा हिरवी पिल्ले एकमेकांवर चढलेली पाहिली. पाणी गढूळ होते आणि बसावयास कोरडा दगडही नव्हता. 'हे किती मोठे होते?' असे विचारले असता 'एवढेच राहते,' असे उत्तर मिळाले.

ते उत्तर खरे नव्हते. हे लाल कानाचे कासव मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. योग्य निगा राखल्यास ते जवळजवळ फूटभर वाढते व तीस-तीस वर्षे जगते. त्याला पोहावयास खोल व स्वच्छ पाणी, अंग शेकावयास कोरडी जागा आणि सूर्यप्रकाश लागतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांवाचून त्याच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही. मग कॅल्शियम हाडांत बसत नाही, कवच मऊ पडते व वेडेवाकडे वाढते. काचेमागे ठेवून ऊन दाखविल्याने हे भागत नाही, कारण साधी काच या उपयुक्त किरणांना बव्हंशी अडविते.

वाडग्यातील बहुतेक पिल्ले मोठी होण्याआधीच मरतात. जी जगतात ती घरात मावेनाशी होतात आणि मालक त्यांना दया म्हणून तळ्यात किंवा नदीत सोडतो. तेथे ती आपल्या देशी कासवांचे अन्न व जागा बळकावतात. याच कारणाने युरोपीय संघाने १९९७ साली या कासवांची आयात बंद केली. या पिल्लांच्या अंगावरील जंतूंमुळे मुलांना आतड्याचे विकार होतात, म्हणून अमेरिकेने तर १९७५ सालीच चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली होती. ज्या देशातून हे कासव आले तेथेच अशी विक्री बंद झाली आणि आपल्याकडे ते 'शुभ' म्हणून विकले जाते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

हीच कथा इग्वानाची. मध्य व दक्षिण अमेरिकेतील हा शाकाहारी सरडा वितीएवढा असताना विकला जातो आणि शेपटीसह पाच फुटांपर्यंत वाढतो. तेवढी जागा व ऊन किती घरांत असते?

आजारी जीव ओळखण्याच्या काही खुणा येथे देतो:
(१) सापाची कातडी सुरकुतलेली व डोळे आत गेलेले दिसणे, म्हणजे शरीरातील पाणी कमी होणे.
(२) तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकपुडीत बुडबुडे येणे, म्हणजे फुप्फुसाचा विकार.
(३) हिरड्यांवर पांढरट-पिवळा पू दिसणे, म्हणजे तोंडाचा संसर्ग.
(४) कण्याचे हाड वर येणे, खवल्यांखाली बारीक गोचिडीसारखे किडे दिसणे.
(५) कासवाचे डोळे सुजणे, कवच दाबल्यास मऊ लागणे, पाण्यात एका अंगावर कलून पोहणे.
अशा वेळी घरगुती उपाय न करता पशुवैद्याकडे जावे. मात्र या जीवांचे उपचार जाणणारे पशुवैद्य आपल्या भागात सहज मिळत नाहीत, हेही विकत घेण्यापूर्वी लक्षात ठेवावे.

४. मांडूळ व तारा कासव

मांडूळ हा आपल्या काळ्या रानातला बिनविषारी, गरीब साप. त्याची शेपटी बोथट असल्याने त्याला 'दुतोंडी' म्हणतात. वास्तविक त्याला तोंड एकच असते. तो बिळांतील उंदीर खातो, म्हणजे शेतकऱ्याचे धान्य राखतो. परंतु गुप्तधन व काळी जादू यांच्या नादाने त्याची चोरटी विक्री होते आणि वजनावर किंमत ठरते. पोत्यात, डब्यात कोंडलेला मांडूळ गिऱ्हाईक येईपर्यंत कसाबसा जगतो. तारा कासवाचीही हीच गत आहे. पाठीवर सुंदर नक्षी असणे हाच त्याचा गुन्हा ठरला. २०१९ साली आंतरराष्ट्रीय करारान्वये त्याच्या व्यापारावर सर्वांत कडक बंदी आली, तरी त्याची मागणी थांबलेली नाही.

५. चांगली निगा कशी असते

बंदिवास म्हणजे हालच असे मात्र नाही. तमिळनाडूतील इरुला आदिवासी पूर्वी कातड्यासाठी साप मारीत. १९७६ साली सापाच्या कातड्याची निर्यात बंद झाली आणि त्यांची उपासमार होऊ लागली. तेव्हा रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ साली त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. ते नाग, मण्यार, घोणस व फुरसे पकडतात, मातीच्या मडक्यांत काही आठवडे ठेवतात, ठरावीक वेळा विष काढतात आणि पोटाच्या खवल्यावर खूण करून पुन्हा रानात सोडतात. मातीचे मडके थंड व अंधारे असते, त्यामुळे सापाला आडोसा मिळतो. या विषापासून घोड्यांच्या साह्याने प्रतिविष लस तयार होते.

पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली बहात्तर विषारी सापांसमवेत बहात्तर तास राहून साप विनाकारण चावत नाही हे दाखवून दिले. पुढे १९८६ साली कात्रजला सर्पोद्यान झाले. आपल्या जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातील तागडगाव येथे 'सर्पराज्ञी' हे वन्यजीव पुनर्वसन केंद्र जखमी प्राण्यांची शुश्रूषा करून त्यांना परत निसर्गात सोडते. या सर्व ठिकाणी एक सूत्र समान आहे. प्राण्याला ठेवायचे ते त्याच्या गरजेसाठी किंवा लोकांच्या प्राणरक्षणासाठी, करमणुकीसाठी नव्हे.

६. आपला जिल्हा आणि आपले कर्तव्य

हा विषय शहरी हौसेचा आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास हजारो कोयते पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. आमच्या घरांतील माणसे पाच-सहा महिने कोपीत जमिनीवर झोपतात, पहाटे अंधारात उसाच्या पाचटात हात घालतात. सापाशी खरी गाठ त्यांची पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला. हा आजार गरिबांचाच आहे. दंश झालेल्या कामगाराचा जीव ज्या लसीने वाचतो, ती लस नीट निगा राखलेल्या सापाच्या विषापासून येते. तेव्हा सापाची निगा आणि कामगाराचा जीव या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

कायदे पुरेसे आहेत. १९७२ च्या कायद्याने देशी साप-कासवे पकडणे, पाळणे व विकणे गुन्हा आहे. २०१८ च्या नियमांनी पाळीव प्राण्यांच्या दुकानांना नोंदणी सक्तीची केली. २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनी आंतरराष्ट्रीय यादीतील परदेशी प्राण्यांची नोंदही बंधनकारक झाली. १९७६ च्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी करुणा हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. पण नुसती बंदी पुरत नाही. टोपली हिसकावून घेतली तर गारुड्याच्या चुलीचे काय? इरुलांना जे साधले ते आपल्याकडील गारुड्यांनाही साधावे. त्यांचे साप ओळखण्याचे व पकडण्याचे ज्ञान वाया घालविणे शहाणपणाचे नाही.

गावोगावच्या तरुण सर्पमित्रांनाही एक नम्र विनंती आहे. साप पकडून बरणीत दिवसेंदिवस ठेवणे, गळ्यात घालून मोबाईलवर चित्रफीत काढणे, हीसुद्धा गारुड्याची टोपलीच आहे. साप निघाल्यास वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि पकडलेला साप विनाविलंब जवळच्याच योग्य अधिवासात सोडावा.

येत्या पंचमीला वारुळाची पूजा अवश्य करावी. नागाला भाऊ मानतो तर त्याला त्याच्या घरी राहू द्यावे. टोपलीपुढे दूध-पैसे ठेवू नयेत आणि वाडग्यातील कासव विकत घेऊ नये. गिऱ्हाईक नसेल तर बाजार भरत नाही, हे आपल्या खेड्यातल्या माणसाला कोणी वेगळे शिकविण्याची गरज नाही.